शिवणबाईंची फौज

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली होती. खिडक्या दोनच, त्याही छताला टेकलेल्या, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. खोलीत तीन शिलाई मशीनं होती. त्यांतल्या मधल्या मशीनवर एकतीस वर्षं एकच बाई बसली. फाटक्या चादरींना ठिगळं, डॉक्टरांच्या डगल्यांना नाड्या, उशांच्या अभ्र्यांना टिपा, असलं सगळं तिच्याकडं यायचं. अख्खं इस्पितळ तिला शिवणबाई म्हणायचं. नव्यानं आलेल्या डॉक्टरांना तर ते तिचं आडनावच वाटायचं.

शिवणबाईंचा हात नेटका होता आणि स्वभाव जपून राहणारा. काही टाकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. बिस्किटांच्या तीन डब्यांत बटणं, पिशवीभर नाड्या, दोऱ्याची उरलेली रिळं. घरच्या कपाटात सहा नव्याकोऱ्या चादरी होत्या, निळ्या काठाच्या, चांगल्या दिवसासाठी राखलेल्या. स्वतःच्या गादीवर मात्र कायम ठिगळाची. नवरा कधी हसला तर म्हणायच्या, "असू दे. वेळेला असलेलं बरं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. पहिले पंधरा दिवस कपाटं आवरण्यात गेले. मग कपाटं संपली. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. सकाळी नऊला हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला की घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी बोलायला उरत नसे. मूलबाळ नव्हतं. शेजारीण बरी होती, पण तिला दुपारी झोप लागायची.

अशातच नणंद न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली.

"ताईला दोन महिने आपल्याकडं आणू या का?" नवऱ्यानं जेवताना विचारलं. "तिकडं एकटीच आहे ती."

"आणा की," शिवणबाई म्हणाल्या. पण दुसरी भाकरी त्यांनी घेतली नाही.

त्याचं कारण जुनं होतं. लग्नाला आठ दिवस झाले होते तेव्हाचं. नणंद नवऱ्याहून मोठी, दुसऱ्या एका गावच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमधली नर्स. चालणं ताठ, बोलणं त्याहून ताठ. स्वयंपाकघरात ती आईला म्हणत होती, "मुलगी गरीब आहे, पण हिच्या हातून काही धडाडीचं व्हायचं नाही." नवी सून दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं आणि चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. भांडण कधी झालंच नाही. भेटी झाल्या त्या दोन्हीकडून तोंडदेखल्या गोड.

नणंद आली ती चालायचा वॉकर, दोन पिशव्या आणि एक जाडजूड काळा लॅपटॉप घेऊन. आतल्या खोलीत तिची व्यवस्था केली. पहिले दोन दिवस "पाणी हवंय का वन्सं?", "नको गं, आत्ताच प्यायले," एवढ्यावर निभावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून तुतारी वाजली. पाठोपाठ ढोल. शिवणबाई चहा घेऊन गेल्या तर नणंद उशांना टेकून, लॅपटॉप मांडीवरच्या पाटावर ठेवून, माउस फिरवत होती. पडद्यावर उंचावरून पाहिल्यासारखं एक गाव. छोटी छोटी घरं, शेतं आणि मुंगीएवढी माणसं लगबगीनं ये-जा करणारी.

"ठेव तिथं," नणंद मान वर न करता म्हणाली.

शिवणबाई कप ठेवायचा विसरून बघत राहिल्या. "वन्सं," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो माणूस नुसताच उभा आहे."

"कोण?"

"तो कडेचा. कुऱ्हाडवाला. त्याच्यापुढची झाडं संपली."

नणंदेनं चष्मा नाकावर नीट बसवून पाहिलं. खरंच एक लाकूडतोड्या मोकळ्या माळावर शुंभासारखा उभा होता. तिनं त्याला दुसऱ्या झाडांकडं धाडलं. "बराच वेळ उभा असेल मेला. डोळा चांगला आहे गं तुझा."

चौतीस वर्षांत नणंदेकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. शिवणबाई स्वयंपाकघरात परतल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चहाचा भरलेला कप त्यांनी तसाच परत आणलाय.

दुसऱ्या दिवशी नणंदेनं स्वतःच खुर्ची दाखवली. "बस. आज तू खेळ. गाव वसवायचं, फौज उभी करायची नि समोरच्याशी लढायचं. समोर माणूस नाही, कॉम्प्युटरच आहे, आणि तेही सगळ्यात सोप्या पातळीवर."

"मला कुठलं येतंय?"

"मला तरी कुठं येत होतं? निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं म्हणून शिकले."

घर खायला उठणं म्हणजे काय ते शिवणबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बसल्या.

त्यांनी गाव वसवलं ते मात्र देखणं. शेतं एका रेषेत, टीप घातल्यासारखी. घरं दोन रांगांत, समोरासमोर. माणसं कामाला लागली, कोठार भरू लागलं, आणि कोपऱ्यातले आकडे वाढताना पाहून शिवणबाईंना भरल्या डब्याकडं पाहिल्यासारखं वाटलं.

"गाव झकास आहे," नणंद म्हणाली. "फौज कुठंय?"

"आहे ना. चार भालेवाले. वेशीवर उभे केलेत."

"चार? आणि कोठारात काय आहे?"

"नऊशे पोती धान्य," शिवणबाई अभिमानानं म्हणाल्या, "आणि सातशे ओंडके."

तेवढ्यात ढोल वाजले. लाल अंगरख्यांचे वीस सैनिक टेकडी उतरून आले. चार भालेवाले किती वेळ टिकणार? शिवणबाई शेतातल्या माणसांना घरात बोलावण्यासाठी सैरावैरा माउस आपटत राहिल्या. माणसं घरात गेली आणि मग घरंच पेटली. दहा मिनिटांत नेटक्या गावाची राख झाली.

नणंद हसायला लागली. खुबा दुखेल म्हणून एका हातानं तो दाबून धरून हसली. "अगं बाई, ती पोती काय शत्रूच्या डोक्यात घालणार होतीस?"

शिवणबाईंचे डोळे भरले. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन गवार मोडायला बसल्या. चौतीस वर्षांपूर्वीचं दार पुन्हा समोर आलं. पण हात गवार मोडत असताना डोकं भलतीकडंच चाललं होतं. एका भालेवाल्याला पस्तीस पोती लागतात आणि पंचवीस ओंडके. नऊशे पोत्यांत...

गवारीची शेंग हातात तशीच घेऊन त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"पंचवीस झाले असते."

"काय?"

"भालेवाले. होतं तेवढ्यात पंचवीस झाले असते. ते वीसच होते."

नणंदेचं हसू थांबलं. तिनं भावजयीकडं जरा निरखून पाहिलं. "मग उभी काय राहिलीस? मांड पुन्हा."

दुसऱ्या डावात त्यांनी उलटं टोक गाठलं. आल्या आल्या सैनिकच सैनिक. तीस भालेवाले झाले आणि कोठारात खडखडाट. नवं काही बांधता येईना, मेलेल्याच्या जागी दुसरा उभा करता येईना.

"नाकापेक्षा मोती जड," नणंद म्हणाली. "फौज छावणीत तयार होते असं वाटतं, पण ती तयार होते शेतात. आधी कामकरी. ते वाढवत राहायचं, थांबायचं नाही. आणि आलेलं धान्य साठू द्यायचं नाही, लगेच कामाला लावायचं. कोठार जवळजवळ रिकामं दिसलं पाहिजे."

"रिकामं?" शिवणबाईंनी माउस सोडला.

"रिकामं. कोठारातलं धान्य लढत नाही."

तिसऱ्या डावात शत्रूनं तिरंदाज आणले आणि सगळे भालेवाले लांबूनच टिपले. शिवणबाई वैतागल्या. इतक्या जणांना उभं केलं, त्यांचा काय उपयोग?

"हे बघ," नणंद म्हणाली, "ऑपरेशनला सगळे सर्जनच उभे केले तर भूल कोण देणार? भालेवाले घोड्यांना अडवतात. घोडे तिरंदाजांना तुडवतात. तिरंदाज भालेवाल्यांना मारतात."

"म्हणजे ज्याला त्याला कुणीतरी भारी आहे."

"आहेच. म्हणून सगळे थोडेथोडे ठेवायचे. आणि समोरचा काय आणतोय ते आधी एक स्वार पाठवून बघून यायचं. बघून आलीस का?"

"नाही."

"मग तहान लागल्यावर विहीर खणत बसशील."

लोहारशाळेचं मात्र शिवणबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. नणंद म्हणाली की दहा सैनिक वाढवण्यापेक्षा आहेत त्यांच्या भाल्यांना धार लावलेली बरी, तेव्हा त्या पटकन बोलून गेल्या, "सुई बोथट असली तर तीन मशीनं काय नि तीस काय." नणंदेनं मान डोलावली. तिलाही बोथट हत्यारांचा अनुभव असणार.

त्या आठवड्यात फ्रिजवर एक चिठ्ठी लागली. संध्याकाळी घरी आलेल्या नवऱ्यानं ती मोठ्यानं वाचली. "कामकरी थांबवू नयेत. लोहार आधी. पळत्याच्या पाठीमागं जाऊ नये." तो वळला. "हे काय गं? कुणाचा संपबिंप आहे का?"

आतून दोघीही एकदम हसल्या. घरात असं हसणं त्यानं बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं, म्हणून त्यानं पुढं काही विचारलं नाही. हात धुऊन जेवायला बसला.

एके दिवशी नणंदेची चादर बदलायची होती. शिवणबाईंनी कपाट उघडलं आणि सवयीनं खालची ठिगळाची चादर ओढली. पलंगावरून नणंदेला वरचा कप्पा दिसत होता.

"त्या निळ्या काठाच्या कुणाची वाट बघतायत?"

पाहुण्यांची म्हणावं तर पाहुणी समोरच बसली होती. त्यांनी सगळ्यात वरची घडी मोडली. कापड इतकं कडक होतं की अंथरताना फडफडलं. त्यानंतर त्यांनी आणखी एक काढली आणि बाहेरच्या खोलीतल्या स्वतःच्या गादीवर घातली.

ओळीनं अकरा डाव त्या हरल्या. बारावा जिंकल्या, गुरुवारी दुपारी. पडद्यावर फटाके उडाले तेव्हा नणंद डुलकी घेत होती. शिवणबाईंनी तिला उठवलं नाही. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून त्या शेजारी बसून राहिल्या, तिला जाग येईपर्यंत.

आता नणंदेची एक मंडळी होती. जुन्या इस्पितळातले निवृत्त लोक, आपापल्या घरी बसून दर शनिवारी चार वाजता तीन विरुद्ध तीन खेळायचे. नणंदेच्या बाजूला इस्पितळाच्या औषधांच्या दुकानावर पूर्वी बसणारे एक गृहस्थ, त्यांना सगळे औषधवाले म्हणत, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. समोर तिघं एक्स-रे खात्यातले. त्यांचा म्होरक्या मोठा बोलघेवडा होता. एका शनिवारी डॉक्टरीणबाईंची लेक बाळंत झाली आणि त्या तिकडं गेल्या.

"माझी भावजय खेळेल," नणंदेनं परस्पर सांगून टाकलं.

"वन्सं, नको! मी सगळ्यांची वाट लावीन."

"लाव. त्यांचीपण लागेल थोडी."

नवऱ्यानं आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानातला कॉम्प्युटर घरी उचलून आणला आणि बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर मांडला. नणंद आत, शिवणबाई बाहेर. नणंदेचा आवाज एकदा भिंतीतून यायचा आणि लगेच पाठोपाठ कॉम्प्युटरमधून.

"तू डावी बाजू धर," दोन्हीकडून हुकूम आला. "मी मध्ये. उजवीकडं औषधवाले."

शिवणबाईंनी कामकरी लावले. कोठार रिकामं ठेवलं, जिवावर आलं तरी. लोहारशाळा बांधली. टेहळणीचा स्वार सोडला आणि तो रानाच्या कडेनं फिरत असताना त्यांना झाडांमागं काहीतरी हललेलं दिसलं.

"वन्सं, घोडे आहेत. रानामागं. चाळीस तरी असतील."

"तुझ्याकडं निघालेत?"

"नाही. तोंड तुमच्याकडं आहे."

मग नणंद हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडं सगळे तिरंदाज आहेत गं." औषधवाले पार दुसऱ्या टोकाला अडकले होते.

शिवणबाईंच्या वेशीवर छत्तीस भालेवाले उभे होते, धार लावलेले. त्यांच्या समोर दुसरा एक्स-रेवाला आपली फौज घेऊन दबा धरून बसला होता. हे छत्तीस जागचे हलले की तो आत घुसणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. निम्मे पाठवावेत? अठरा भालेवाले चाळीस घोड्यांपुढं टिकले नसते. वेळेला असलेलं बरं, वेळेला असलेलं बरं, असं आयुष्यभर म्हणत आलेली बाई पडद्याकडं बघत होती आणि रानातून घोडे सुटले होते.

त्यांनी माउसनं छत्तीसही जणांभोवती चौकट ओढली आणि त्यांना नणंदेच्या गावाकडं धाडलं.

"अगं, सगळे?" आतून आवाज आला.

"सगळे."

भालेवाले पोहोचले तेव्हा घोडे नणंदेच्या वेशीतून आत शिरले होते आणि पुढच्या फळीतले तिरंदाज तुडवले गेले होते. भाले पाठीमागून लागले. अंगणात अडकलेल्या घोड्यांना ना वळता येईना, ना पळता. इकडं शिवणबाईंचं गाव पेटलं. शेतं गेली, घरं गेली. त्यांनी फक्त कामकऱ्यांना नणंदेच्या गावाकडं पळवलं आणि पुन्हा तिकडं पाहिलं नाही.

"माझं गाव गेलं वन्सं."

"जाऊ दे. माझ्या अंगणात छावणी बांध. धान्य पाठवलंय, बघ मिळालं का."

कोपऱ्यातला आकडा एकदम पाचशेनं वाढला. शिवणबाईंनी त्याला एक मिनिटही साठू दिलं नाही. नणंदेच्या धान्यावर, नणंदेच्या अंगणात त्यांनी दुसरी फौज उभी केली. तोवर शत्रूचं सारं बळ मध्यभागी खर्ची पडलं होतं. औषधवाल्यांना उजवीकडं वाट मोकळी मिळाली आणि तासाभरानं म्होरक्याच्या गढीवर त्यांचं निशाण लागलं.

"डावीकडं कोण होतं हो?" म्होरक्याचा आवाज कॉम्प्युटरमधून आला. "स्वतःचं गाव जाळून घेतलं बाईनं!"

"माझी भावजय," नणंद म्हणाली. "पुढच्या शनिवारीपण आहे. तयारीनं या."

खेळ बंद झाल्यावर शिवणबाईंनी दोघींसाठी चहा केला आणि या खेपेला कप आठवणीनं खाली ठेवला. मग पलंगाच्या कडेवर बसल्या. आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, असं त्यांना वाटलं.

"वन्सं, माझ्या लग्नानंतर तुम्ही सासूबाईंना म्हणाला होतात. हिच्या हातून काही धडाडीचं व्हायचं नाही म्हणून."

नणंदेनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "मी? म्हणाले असेन. तेव्हा मी सगळ्यांनाच बोलायची. थिएटरमध्ये आवाज चढवल्याशिवाय कुणी ऐकायचं नाही, तीच सवय घरी यायची." मग तिनं कप खाली ठेवला. "आणि हे तू चौतीस वर्षं साठवून ठेवलंस?"

शिवणबाईंना आधी राग यायला हवा होता. पण हसूच आलं. "सवय आहे मला साठवायची."

"चूक झाली माझी," नणंद म्हणाली. एवढंच, पण मान वर करून, डोळ्यांत बघून. मग म्हणाली, "चहात साखर कमी आहे." शिवणबाई उठून साखर घेऊन आल्या.

दोन महिन्यांचे तीन झाले. नणंद वॉकर सोडून काठीवर आली, मग काठी खुर्चीला विसरून चालू लागली, आणि एका रविवारी भावानं तिला तिच्या घरी पोहोचवलं. जाताना तिनं पिशवीत दोन निळ्या काठाच्या चादरी हक्कानं घातल्या. आतली खोली दोन दिवस मोठी मोठी वाटली. पण शनिवार येतच होता, आणि खेळ संपल्यावर दोघींच्या फोनवरच्या गप्पा खेळाहून लांबायच्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई लेकीला नि नातीला घेऊन परतल्या तेव्हा शिवणबाई जागा सोडायला तयार होत्या. औषधवाल्यांनी ऐकलं नाही. चौघं विरुद्ध चौघं खेळू, म्हणाले. म्हणजे एक्स-रेवाल्यांना चौथा गडी हवा होता. आठवडाभर त्यांना कुणी मिळेना. शेवटी शुक्रवारी जेवताना शिवणबाईंचा नवरा चाचरत म्हणाला, "मी बसू का त्यांच्याकडून?"

"शत्रूकडून?"

"दुसरीकडं जागाच कुठं आहे?"

तेव्हापासून शनिवारी तो उसना लॅपटॉप घेऊन आत बसतो आणि त्या बाहेर. काट्यांचा कारागीर असल्यानं त्याची तटबंदी अगदी मापात असते, कुठं बोटभर फट नाही. बांधायला मात्र त्याला अर्धा डाव लागतो. परवा शिवणबाई बुरुज फोडायची यंत्रं घेऊन त्याच्या वेशीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी भिंतीवर टकटक केली.

"अहो, दार उघडताय की फोडू?"

"थांब जरा. एवढा कोपरा होऊ दे."

"हरेल त्यानं स्वयंपाक करायचा, ठरलंय ना?"

आतून नवऱ्यानं विचारलं, "भाजी कुठली आहे?"

"वांगी."

"फोड मग," तो म्हणाला. "वांगी मला जमतात."